मेल्यानंतर आलेलं हेल्मेट

ती घटना आठवली की आजही मी बसल्या जागेवरून उठतो आणि घरातल्या घरात फेऱ्या मारू लागतो. बायको म्हणते, नोकरी संपली, आता तरी स्वस्थ बसा. पण ते प्रकरण मला बसू देत नाही.

मी तेव्हा जळगाव-धुळे महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिना होता. जळगावच्या मेहरूण भागात राहणारा एक कारागीर सायकलवर गावोगाव फिरून कुकर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचा. भर दुपारी एका वाहनाने त्याला मागून उडवलं आणि ते पसार झालं. डोक्याला मार लागून तो जागीच गेला. घटनास्थळाच्या पंचनाम्यात आम्ही मोडलेली सायकल, हत्यारांची पिशवी, हेडलाइटच्या काचा आणि त्याच्या डोक्याला गुंडाळलेला रुमाल जप्त केला. आमच्याकडे उन्हाळ्यात माणूस डोक्याला ओला रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडत नाही, तसाच तोही निघाला होता.

रस्त्याकडेच्या सगळ्या गॅरेजांना निरोप दिले होते. थोड्याच दिवसांत धुळ्याच्या देवपुरातल्या एका म्हाताऱ्या गॅरेजवाल्याचा फोन आला. "साहेब, तुमनी गाडी आठेच शे. पुढला काच फुटेल शे. डायवर म्हनस, बठ्ठं आजच करी दे."

आम्ही शोधत होतो ती गाडी त्याच्याकडेच उभी होती, केळी वाहणारी पिकअप, आणि चालकाला सगळं काम आजच्या आज हवं होतं. हेडलाइटच्या काचेचे तुकडे जुळले, चालक ताब्यात आला. खोटं बोलणाऱ्याला मी मध्येच अडवत नसे. चहा द्यायचा आणि बोलू द्यायचं, तो आपला आपणच गुंततो. हाही आधी म्हणाला, सायकल आडवी आली. मग म्हणाला, ऊन डोळ्यांवर आलं. ऊन तर माथ्यावर होतं. शेवटी कबूल झाला की मोबाइल बघत होता. एवढं सांगून झाल्यावर मान वर करून मलाच विचारतो, "पण साहेब, त्याच्या डोक्यावर हेल्मेट कुठं होतं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी शांतपणे जबाब पुरा केला.

हा प्रश्न एकट्या चालकाचा नव्हता, हे मला नंतर कळलं. मातीला आलेल्या लोकांनी तोच विचारला होता. कोर्टाबाहेर घुटमळणाऱ्या कुणा शहाण्याने तर मृताच्या धाकट्या भावाला सांगितलं, हेल्मेट नव्हतं, आता भरपाईही नाही आणि चालकही सुटेल.

त्यानंतर तो भाऊ मृताच्या बायकोला घेऊन ठाण्यात आला. ती बाहेर बाकावर बसली. त्याने पिशवीतून सायकलचं हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. गर्दीत कुणीतरी उचललं होतं, आता परत मिळालं, माझा पुरवणी जबाब घ्या, म्हणाला.

मी ते उलटसुलट केलं. घासलेल्या पातेल्यासारखं चारी बाजूंनी सारखं खरवडलेलं होतं, आणि पट्टे मात्र पांढरे स्वच्छ. मे महिन्यात सायकल मारणाऱ्याच्या हनुवटीखालचा पट्टा असा राहतो होय? मी जबाब लिहायला घेतलाच नाही. हवालदाराकडून एक मोठा रुमाल मागवला आणि म्हणालो, भाऊ कसा बांधायचा तेवढं दाखव.

त्याने दाखवलं. सवयीच्या हाताने वेढे घेतले, टोक खोचलं. मग मी हेल्मेट पुढे केलं. ते त्या रुमालावर बसेना. दाबलं तरी वरच राहिलं. तो तसाच उभा राहिला आणि एकदम रडायला लागला. "साहेब, मीच आणलं. अंगणातल्या फरशीवर घासलं. भाभीला काहीच माहीत नाही."

मला त्याचा राग आला आणि कीवही आली. हे खोटं कागदावर आलं असतं, तर आरोपीच्या वकिलाने एवढा एकच धागा ओढून अख्खी केस उसवली असती. चालक मोकळा झाला असता आणि बाहेर बसलेल्या त्या बाईच्या हाती काहीच लागलं नसतं. मी हेल्मेट त्याच्या पिशवीत परत घातलं आणि दोघांना समोर बसवलं. सांगितलं की सायकलवाल्याला हेल्मेटची सक्ती कायद्यात नाही. तुमच्या माणसाची काही चूक नाही, पुन्हा असलं काही करू नका.

हातातली पदराची घडी सोडून ती म्हणाली, "आज कायदा नाही, म्हणून त्यांची चूक नाही. उद्या कायदा झाला, की मरणाऱ्याचीच चूक होणार का, साहेब?"

मी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

पुढे चालकाला शिक्षा झाली, तिचा दावाही मंजूर झाला. कागदोपत्री प्रकरण मिटलं. मध्यंतरी मेहरूण तलावाभोवती सायकल चालवणारी काही मंडळी घरी आली होती, सायकलवाल्यांना हेल्मेट सक्तीचं करा या मागणीवर निवृत्त अधिकारी म्हणून माझी सही मागायला. चांगली माणसं आहेत. फुटलेली डोकी मी त्यांच्यापेक्षा जास्त पाहिली आहेत, आणि हेल्मेट घालावं हे कुणालाही हात जोडून सांगेन. मी एवढंच म्हणालो, की त्यात एक ओळ घाला: हेल्मेट नव्हतं ही सबब धडक देणाऱ्याला कधीही वापरता येणार नाही. ते म्हणाले, त्याने विषय उगाच वाढेल.

माणसं वाईट नसतात. पण मेलेल्याची चूक सापडली की जिवंतांना हायसं वाटतं, हे मी त्या प्रकरणात शिकलो. मंडळींना चहा दिला, सही दिली नाही. ते गेल्यावर वाटलं, उद्या या रस्त्यावर एखादं उघडं डोकं फुटलं, तर त्यात माझ्या न केलेल्या सहीचाही वाटा असेल का? हे विचारायला आता माझ्यासमोर कुणी साहेब नाही.