कोरड्या तलावाचा जीवरक्षक

एल्युतेरिओ काबाहुगला अल्तामिरा टॉवरमध्ये सगळे कुया तेर्यो म्हणत. वयानं चार वर्षं मोठा दिसणारा कुणीही मनिलात कुया, म्हणजे दादा, होतो. तेर्यो तर पन्नाशीला आला होता. इमारत चोपन्न मजल्यांची. त्याचं काम एक्केचाळिसाव्या मजल्यावर, मोकळ्या गच्चीतल्या पोहण्याच्या तलावावर. तलावाची एक बाजू काचेच्या कठड्याला लागून होती. पोहणाऱ्याला आपण शहरावर तरंगतोय असं वाटावं ही बांधणाऱ्यांची कल्पना. तलाव तिथे जीवरक्षक असा नियम, म्हणून सकाळी सहा ते दुपारी दोन तेर्यो उंच खुर्चीत बसायचा. गळ्यात शिट्टी, मांडीवर लाल तरंगता पट्टा.

तलावात उतरणारे थोडे होते, तलावाशेजारी उभं राहून फोटो काढणारे फार. अकरा वर्षांत तेर्योनं दोनदाच पाण्यात उडी घेतली होती. एकदा एका बाईंचं कानातलं शोधायला आणि एकदा तेविसाव्या मजल्यावरचं कुत्रं काढायला. कुत्र्याला पोहता येत होतं, पण मालकीण रडायला लागली होती.

तो मूळचा सामार बेटावरचा. गावाचं नाव बुलुसाव. बापाबरोबर मासेमारी केली, मग तोंडात हवेची नळी धरून खोल पाण्यात बुड्या मारायचं काम धरलं. अठ्ठाविसाव्या वर्षी डावा कान फुटला आणि ते काम सुटलं. पुढं एका वादळात होडी गेली, घराचं छप्पर गेलं. बायको विमी म्हणाली, "आता दोघांनी इथं बसून काय करायचं? एकानं राखायचं, एकानं आणायचं." राखायला ती राहिली. तालुक्याच्या गावी जीवरक्षकाचं प्रशिक्षण मिळत होतं. ते घेऊन तेर्यो मनिलाला आला.

रोज न चुकता पोहणारे एकच गृहस्थ होते. हेनेरोसो बायलोन, तेहेतिसाव्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश, वय शहात्तर, बायको वारलेली. साडेसहाला पांढरी टोपी घालून यायचे, वीस फेऱ्या मारायचे आणि जायचे. "टॉवेल," असं म्हणायचे. क्वचित "पाणी गार आहे." यापलीकडे त्यांचं तेर्योशी बोलणं नव्हतं. एकदा मात्र मधेच थांबून त्यांनी विचारलं होतं, "अठरा झाल्या की एकोणीस?"

"सतरा, जजसाहेब."

त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि आणखी तीन फेऱ्या मारल्या. तेव्हापासून फेऱ्या मोजणंही तेर्योच्या कामात आलं, कुणी न सांगता.

मार्चमधल्या एका मंगळवारी, सातच्या सुमाराला, भूकंप झाला. तेर्योला आधी खुर्ची हलतेय असं वाटलं, मग सबंध गच्ची. तलावातलं पाणी एका अंगाला सरकलं, कठड्यावरून पडलं, मग परत फिरून दुसऱ्या अंगाला गेलं. जजसाहेब मधोमध होते. ते घाबरून काठाकडे, काचेच्या बाजूला, निघाले. तेर्योनं उडी टाकली, त्यांना मागून धरलं, त्यांचे दोन्ही हात आवळले आणि मधे ओढून नेलं. ते झटापट करत होते. तो ओरडून सांगत होता, पण तोंडी आली ती त्याची गावाकडची वाराय भाषा. पाणी त्या दोघांना घेऊन इकडून तिकडे जात राहिलं. मिनिटभरानं सगळं शांत झालं, तेव्हा तलावात छातीइतकंच पाणी उरलं होतं आणि कठड्याची एक काच जागेवर नव्हती. नशीब, खाली बागेचा भाग होता आणि तिथं तेव्हा कुणी नव्हतं.

जजसाहेबांच्या दोन फासळ्या मोडल्या होत्या. भूकंपानं नव्हे, तेर्योच्या पकडीनं.

त्यांची मुलगी रोवेना बारा दिवसांनी रहिवासी समितीपुढं आली. बाई वाईट नव्हती. वडिलांच्या खोलीत बसून तिनं रात्री काढल्या होत्या आणि तिला कुणाला तरी जाब विचारायचा होता. इमारतीचा व्यवस्थापक आर्नेल सिकात, तिशीचा, हातात नियमांचं पुस्तक घेऊन बसला होता.

"कुया, भूकंपाबद्दल यात काय लिहिलंय?"

"सगळ्यांना ताबडतोब बाहेर काढायचं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी आत गेलो."

समितीतला एक जण हसला.

"पाणी काठावरून खाली पडत होतं, सर," तेर्यो म्हणाला. "काठाला नेलं असतं तर आम्हीही त्याच्याबरोबर गेलो असतो. मधे पाणी नुसतं हलत होतं."

"हे तुम्हाला प्रशिक्षणात शिकवलं?" रोवेनानं विचारलं.

"नाही मॅडम. आमच्याकडे खडकात लाट आली की असंच करतात. काठ सोडायचा."

"हा तलाव आहे. समुद्र नाही."

"त्या वेळी तलाव नव्हता, मॅडम."

जजसाहेब छातीला पट्टा बांधून कोपऱ्यात बसले होते. कुणी विचारायच्या आत ते बोलायला लागले. "साक्षीदार मी आहे, तर माझं लिहून घ्या. हा माणूस मला वाचवतोय की बुडवतोय, मला कळत नव्हतं. माझ्या कानाशी वारायमधे ओरडत होता. मला वाराय येत नाही. मी त्याच्या पोटात दोन लाथा घातल्या. एक नीट बसली. बसली ना?"

"बसली, जजसाहेब."

"मी ज्या काचेकडे चाललो होतो ती काच आता तिथे नाही. माझं म्हणणं संपलं."

"बाबा, तुमच्या फासळ्या..."

"फासळ्या माझ्या आहेत, रोवेना. तक्रार करायची की नाही ते मी बघेन."

त्या आठवड्यात तेर्योला दोन कागद मिळाले. ज्या कंपनीतर्फे तो कामाला होता तिनं नियम मोडल्याबद्दल ताकीद दिली. रहिवाशांनी शौर्याबद्दल मानपत्र दिलं, चौकटीत घालून. त्यानं दोन्हीवर सही केली. मानपत्र गावी पाठवलं. विमीनं ते तांदळाच्या पिंपावर ठेवलं, कारण भिंतीला खिळा टिकत नव्हता.

  फोनवर विमीनं विचारलं.

"वाचवणाऱ्याला कुणी लाथा मारतं का हो?"

"घाबरल्यावर मारतात."

"एवढे मोठे लोकसुद्धा?"

"मोठे जास्त. त्यांना घाबरायची सवय नसते."

इंजिनियर आले, तलाव रिकामा केला. तळाला भेग निघाली. भेग भूकंपाची की बांधणाऱ्याची, यावर पत्रं सुरू झाली आणि तलाव चौदा महिने कोरडा राहिला. तेर्योचा करार चालू होता. करारात 'तलावावर हजर राहणे' असं होतं. पाण्याचा उल्लेख नव्हता. म्हणून तो रोज सहाला येऊन उंच खुर्चीत बसायचा. खाली निळ्या फरशा, त्यावर कबुतरं, कधी वरच्या मजल्यावरून उडून आलेला एखादा मोजा. व्यायामाला आलेले लोक जाता जाता विचारायचे, "कुया, आज कुणी बुडालं का?"

"अजून नाही, सर."

पहिले काही दिवस त्यालाही हसू यायचं. मग लाज वाटायला लागली. तो सिकातकडे गेला. "सर, मला काहीतरी काम द्या. झाडतो, पुसतो."

"झाडू दिला तर तुमचं पद बदलतं, कुया. पद बदललं की करार बदलतो, आणि नवा करार कमी पगाराचा होईल. तुमची मुलगी नर्सिंगला आहे ना? बसा गुपचूप."

तो बसला. तिसऱ्या महिन्यात जजसाहेब आले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, काठी टेकत शिडी उतरले आणि कोरड्या तलावात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागले. वीस फेऱ्या. तेर्यो वरून मोजत होता. उन्हाळा होता, तळातून वाफा येत होत्या. पंधराव्या फेरीला त्यानं खाली उतरून त्यांना छत्री नेऊन दिली आणि बरोबर चालायला लागला.

असं रोज होऊ लागलं. जजसाहेब बोलायला शिकले म्हणायला हरकत नाही. कोर्टातलं ते काही सांगत नसत. प्रश्न मात्र कोर्टात विचारावेत तसे विचारायचे.

"समुद्रात तू किती अंतर पोहतोस?"

"मोजत नाही, जजसाहेब."

"मग थांबायचं कधी ते कसं कळतं?"

"भूक लागते."

चौदा महिन्यांनी समितीनं मतदान घेतलं. तलाव दुरुस्त करण्यापेक्षा बुजवून तिथं हिरवळ करावी, असं बहुमत पडलं. हिरवळ प्लास्टिकची. जजसाहेब विरोधात बोलले, पंचवीस मिनिटं, आणि हरले. तेर्योला तळघरातल्या पार्सलच्या खोलीत नेमलं. मजल्यांप्रमाणे खोकी लावायची, लोकांच्या सह्या घ्यायच्या. पहिल्या दिवशी त्याला एवढंच जाणवलं, की आपल्याला आता वारा लागत नाही.

दुसऱ्या आठवड्यात जजसाहेब तळघरात आले. पार्सल नव्हतं.

"तुझ्या गावाला समुद्र आहे."

"आहे."

"मला पोहायचंय. तुझी सुट्टी कधी?"

रोवेनानं आधी नाही म्हटलं, मग डॉक्टरांचं पत्र मागितलं, शेवटी फुंकून फुगवायचं एक जाकीट दिलं आणि तेर्योला बाजूला घेऊन म्हणाली, "कुया, काठ सोडायचा की धरायचा ते तुम्ही ठरवा. पण त्यांना परत आणा." त्या बैठकीनंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. तो "हो मॅडम," म्हणाला.

विमीला पाहुणा कोण ते कळलं तेव्हा तिनं दोन दिवस आधी चादर धुतली, शेजाऱ्याचा पंखा आणला आणि फोनवर एकच काळजी बोलून दाखवली, "अहो, ते आंघोळ कुठं करणार?" जजसाहेबांनी बादलीनं केली, नारळाच्या झाडाखाली, कमरेला टॉवेल गुंडाळून. व्हिनेगरमध्ये मुरवलेली कच्ची मासळी त्यांनी दोनदा मागून खाल्ली.

सकाळी ते पांढरी टोपी घालून पाण्याशी उभे राहिले. त्यांना कुठून कुठे पोहायचं ते कळेना. तेर्योनं नांगरलेल्या दोन होड्या दाखवल्या. चार फेऱ्या झाल्या, पाचवीला लाट तोंडात गेली. ते खोकत उथळ पाण्यात बसले. किनाऱ्यावर शिंपले वेचणाऱ्या बायका बघत होत्या. विमी गुडघाभर पाण्यात गेली.

"जजसाहेब, लाट आली की तोंड मिटा. भांडायला जाऊ नका तिच्याशी."

"मी भांडत नव्हतो."

"भांडत होतात. मी बघत होते ना."

चौथ्या दिवशी त्यांच्या अकरा फेऱ्या झाल्या. तिथंच ते थांबले, भूक लागली म्हणाले. दुसऱ्या दिवशी विमानानं परत गेले. त्यानंतर दोन वर्षं ते दर उन्हाळ्यात येत राहिले, तेर्योला सुट्टी असो नसो; विमी असली की पुरे. तिसऱ्या वर्षी जानेवारीत ते घरीच, दुपारच्या झोपेत गेले. सिकातनं पार्सलच्या खोलीत येऊन सांगितलं. तेर्योनं हातातलं खोकं मांडणीवर ठेवलं आणि रोवेनाला भेटायला तेहेतिसाव्या मजल्यावर गेला. दोघं थोडा वेळ बसले. तिनं कॉफी केली.

तेर्योची मुलगी नर्स झाली, दुबईला गेली. त्याच वर्षी नोकरी सोडून तो गावी परतला. जजसाहेबांनी कुणाकुणाला सांगितलं असावं, कारण अल्तामिरातली आणखी दोन म्हातारी माणसं बुलुसावला विचारणा करत आली. विमीनं घराला लागून एक खोली बांधली, स्नानघरासकट. आता वर्षाला पाच-सहा पाहुणे येतात. नवीन आलेला हमखास विचारतो, इथं जीवरक्षक असतो का.

"असतो की," विमी म्हणते. "ते काय, जाळं शिवत बसलेत. पण हाक उजव्या बाजूनं मारा, डाव्या कानानं ऐकू येत नाही."