भर दुपारी काचेवर कापूस

जालन्यात आमचं काचेचं दुकान होतं. काच कापायचं काम यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. गाड्यांच्या आणि दुकानांच्या काचांवर फिल्म चिकटवायचं काम माझं. आठवीत शाळा सुटलेली, वेंगुर्ल्याकडून लग्न करून इतक्या लांब आलेली मी. पण साबणाच्या पाण्यावर फिल्म सरकवायची आणि रबरी पट्टीनं एकेक बुडबुडा कडेला हाकलायचा, हे माझ्या हाताला जमलं आणि त्या हातामुळं गावानं मला आपलं मानलं. त्याचे मी मनात रोज आभार मानायची आणि रोज घाबरायचीही, की एखाद्या दिवशी माझ्याच हातून काहीतरी बिघडेल.

मोबाइल नुकते हातात आले होते त्या काळातली गोष्ट. नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला, एका बियाण्यांच्या शेठनं नवं दुकान बांधलं. समोरची बारा फुटी काच आम्हीच बसवली. शेठ हैदराबादला जाऊन आले ते वेड घेऊनच. तिथं म्हणे काचेवरच सिनेमा चालतो. आतून प्रोजेक्टर, बाहेरून चित्र.

"आपल्या काचेवर कापसाचं बोंड फुटताना दिसलं पाहिजे," शेठ म्हणाले. "पेरणीच्या आधी. बिलकुल तस्संच!"

पुण्याहून कंपनीचा माणूस काचेवर चित्र धरणाऱ्या फिल्मचे तीन तुकडे घेऊन आला. एक दुधाळ पांढरा, एक करडा, एक पारदर्शक. त्यानं गोदामाचं शटर पाडलं, अंधार केला आणि प्रोजेक्टर लावला. पांढऱ्यावर बोंड असं काही फुललं की हमालांनी टाळ्या वाजवल्या. करडा तुकडा त्याच्यापुढं रुसल्यासारखा दिसत होता.

"पांढरीच," शेठ म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, पण मनातून पटलं नव्हतं. ही फिल्म एकदा चिकटली की काढून परत वापरता येत नाही. ती फसली असती तर पुण्याचा माणूस पुण्याला गेला असता; नाव गेलं असतं ते चिकटवणारीचं.

घरी यांना भाकरी वाढताना बोलून गेले. "अहो, शटर पाडून कोण बघणार? शेठचं गिऱ्हाईक शहागडचं, अंतरवालीचं. सकाळच्या एसटीनं येतं, चारला परत स्टँडवर. ते काच बघणार भर उन्हात."

हे घास हातात घेऊन थांबले. "मंग शेठला सांग की."

"मी? तुम्ही सांगा."

"सुचलं तुला. मी काय सांगू, बायको असं बोलून राह्यली म्हणून?"

दुसऱ्या दिवशी मी शेठसमोर उभी राहिले. "शेठ, फिल्म एकदा उन्हात बघू या का?"

शेठ मोठ्यानं हसले. "बाई, समुद्राकडून येऊन जालन्याच्या माणसाला ऊन शिकवून राह्यल्या का?"

हे शेजारी गालातल्या गालात हसत होते. मदत शून्य.

"शिकवत नाही, शेठ. तुम्हाला सवय झालीय. मला अजून लागतं."

शेठनं डोळ्यांवर हात धरून बाहेर रस्त्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "बराबर. लावा."

बाराच्या ठोक्याला मी तिन्ही तुकडे काचेवर चिकटवले आणि आतून प्रोजेक्टर लावला. काच तापलीय म्हणून पुण्याचा माणूस कुरकुरत होता. पांढरा तुकडा धुतलेल्या धोतरासारखा कोरा. पारदर्शकात बोंड थोडं आणि त्याच्या आरपार चहा पिणारे शेठच जास्त. करड्यात मात्र बोंड होतं. फिकं, पण होतं.

एवढ्यानं भागणार नव्हतं. तेव्हा मला आमच्याकडची झड आठवली. पावसाची झोड आत येऊ नये म्हणून कोकणात पडवीला झावळ्या विणून बांधतात, ती. म्हटलं, इथं उन्हाला आड करू.

"शेठ, वरचा पत्रा तीन फूट पुढं काढा. आणि फिल्मच्या मागची ट्यूब बंद ठेवा."

पत्रा कुठला लगेच मिळायला? यांनी आणि एका हमालानं काचेच्या वर ताडपत्री ताणून धरली. बोंड पांढरंशुभ्र उकललं. रस्त्यानं रिकामं पोतं घेऊन चाललेले एक पागोटेवाले आजोबा थांबले, वाकले. "कोणतं वाण हो हे? बोंड मोठं दिसून राह्यलं."

शेठचा चहा बशीतच राहिला. पुण्याच्या माणसाकडं वळून ते म्हणाले, "करडी. अन् जल्दी पाठवा."

बारा फुटांना आम्हाला दोन दिवस लागले. बुडबुडा एकही नाही. दुकान उघडलं त्या दुपारी नव्या पत्र्याखाली ही गर्दी! एक मावशी काच चाचपून बोंड वेचायला बघत होत्या. शेठ आतून ओरडले, "हात लावू नका, डाग पडतील! बाई, फडकं आणा." फडकं मी आणलं, पुसायची घाई केली नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. "आई, काचेवर कापूस फुटला! मी निवडलेल्या फिल्मवर!"

पलीकडून आई म्हणाली, "तुका ताप इलो काय गो?"

मी इतकी हसले की हे धावत आत आले. मी फोन त्यांच्या हातात दिला. "आता मात्र तुम्हीच सांगा."