तीन बटणांचा भाग

खुनाच्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांचे किस्से सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतच जातो, उसवलेल्या शिलाईसारखा. मी तसा कमी बोलणारा माणूस. आठवीतून शाळा सुटली आणि वारंगा फाट्यावर शेषरावमामांच्या टेलरिंगच्या दुकानात दुसऱ्या मशीनवर बसलो. पण आमच्या मंडळींचे किस्से मलाच सांगावे लागतात, कारण बाकीचे सुरुवातीलाच खुनी कोण ते सांगून टाकतात!

नव्वद सालानंतरचे ते दिवस. एसटीतले एक कंडक्टरसाहेब नांदेडहून दर महिन्याला एक रहस्यकथा आणायचे. पुस्तक एक आणि वाचणारे चार: कंडक्टरसाहेब, वेल्डिंगवाला राठोड, पोलिसातून रिटायर झालेले जमादार आणि मी. रोज भांडणं. एक दिवस मामांनी कापडाची मोठी कात्री उचलली आणि पुस्तकाचे सरळ चार भाग केले! प्रत्येक भाग जाड दोऱ्यानं शिवला. वर उरलेल्या पँटपीसचं कव्हर आणि कव्हरवर बटणं. पहिल्या भागाला एक, चौथ्याला चार.

कंडक्टरसाहेब कळवळले. "मामा, पुस्तक फाडलं तुमी!"

"फाडलं न्हाई," मामा म्हणाले, "अल्टर केलं."

पुढं शिवायचं काम माझ्याकडं आलं, त्यामुळं चारही भाग सगळ्यात आधी माझे वाचून व्हायचे. नियम मात्र सगळ्यांना एकच. खुन्याचं नाव फोडील त्यानं आठ दिवस दुकान झाडायचं.

*

राठोड तांड्यावरून सायकलीनं यायचा. त्याला थांबणं म्हणून माहीत नाही. एकदा पहिले तिन्ही भाग बाहेर गेलेले, म्हणून तो चार बटणांचाच घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, "कसं हाय रे पुस्तक?"

"लय भारी! खुनी तं घावला. आता मेलं कोण, तेवढं पाहू द्या!"

*

एकदा चूक माझी झाली. दोन पुस्तकं एकाच दिवशी शिवली आणि तीन बटणांचे भाग एकमेकांत गेले. कंडक्टरसाहेबांनी एकाचा पहिला, दुसरा आणि चौथा वाचला, तिसरा भाग भलत्याच पुस्तकाचा. बंगल्यातला खून, मधेच सगळे जहाजावर, पुन्हा बंगल्यात! साहेब आठवडाभर प्रत्येकाला सांगत होते, "काय डोकं हाय लेखकाचं! जहाज कुठून आलं, शेवटपर्यंत पत्ता लागू देत न्हाई!"

मी भीत भीत चूक कबूल केली. साहेबांनी खरा तिसरा भाग वाचला आणि परत आणून दिला.

"दिगंबर, जहाजाचाच राहू दे. लेखकापेक्षा तुझं बराबर हाय."

*

जमादारांना पुस्तक वाचावंच लागायचं नाही. दहाव्या पानावर ते खुनी पकडायचे. "तीस वर्सं नौकरी केली. नुसत्या चालीवरून सांगतो, हा माळीच!" दर महिन्याला चुकायचं. कधी माळी सुटायचा, कधी डॉक्टर.

राठोड एकदा न राहवून म्हणाला, "जमादार, नौकरीत बी असेच धरत होते का?"

जमादार जराही चिडले नाहीत. "नौकरीत एक सुख होतं बाबा. शेवटचं पान नव्हतं."

*

खरा डिटेक्टिव्ह आमच्या मामी. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या हातशिलाई करत बसायच्या आणि मी मोठ्यानं वाचायचो. चार लोकांत माझा आवाज फुटायचा तो तेवढ्यापुरताच.

एका पुस्तकात पाहुणे जमतात, घरमालकाचा पुतण्या सगळ्यांना चहा करतो आणि घरमालक मरतो. जमादारांनी ड्रायव्हरला धरलं. मामींनी मला थांबवलं.

"तो पुतण्या पहिल्यांदाच आला ना रे ह्या घरी?"

"व्हय मामी."

"मंग साखरेचा डबा कुठं हाय, हे कोणाला इचारलं त्यानं? धरा त्याला!"

पुतण्याच निघाला. जमादार दोन दिवस फिरकले नाहीत.

*

ह्याच मामींनी मला त्यांच्या नात्यातली पुसेगावची मुलगी पाहायला नेलं. वंदना नाव. शिक्षण बारावी. ती समोर बसली, तिच्या वडिलांनी मला विचारलं, "पाव्हणे, तुमचं शिक्षण?"

"आठवी."

मला घाम फुटला. रुमाल काढायला गेलो, तर खिशातून कंडक्टरसाहेबांना द्यायचा तीन बटणांचा भाग खाली पडला. वंदनानंच उचलला. दोन पानं चाळली, मग आणखी दोन. मामी म्हणाल्या, "पोरी, तुला काही इचारायचं असंल तं इचार."

तिनं एकच विचारलं, "खुनी कोण आहे?"

मी म्हणालो, "ते सांगता येत न्हाई."

तिच्या वडिलांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मुलीनं एकच प्रश्न विचारला आणि नवरदेव सांगत नाही! ती कपांचा ट्रे घेऊन आत गेली आणि भागही आतच गेला. मागायची माझी हिंमत झाली नाही.

परतीच्या एसटीत मामींनी मला धुऊन काढलं. "सांगून टाकलं असतं तं काय बिघडलं असतं रे?"

"मामी, आठ दिवस दुकान झाडावं लागलं असतं."

पंधरा दिवस काही निरोप नाही. मला सुईत दोरा ओवता येईना. कंडक्टरसाहेब दुकानात आले की म्हणायचे, "काहून रे, पोरगी राहू दे, माझा तिसरा भाग कधी येऊन राहिला?"

जमादारांनी माझा चेहरा पाहिला आणि निकाल दिला. "नकार हाय. लिहून घे."

राठोड टुणकन उठला. "जमादार नकार म्हणाले? मंग मी हार आणायला जाऊन राहिलो!"

"बस खाली!" जमादार ओरडले.

सोळाव्या दिवशी पुसेगावचा एक माणूस पुडकं देऊन गेला. आत तीन बटणांचा भाग. सैल झालेलं मधलं बटण कोणीतरी पक्कं लावलं होतं. पानांत चिठ्ठी होती. मामी म्हणाल्या, "वाच मोठ्यानं." मी वाचली.

"तुम्ही खुन्याचं नाव सांगितलं असतं, तर मी नाही म्हणणार होते. तिसरा भाग बाबांनीही वाचला. त्यांना झोप नाही. चौथा घेऊन तुम्हीच या."

जमादारांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "राठोड, जाय बाबा. हार आण."