खळ लावलेलं चाक

आमच्या घरात तेलुगू बोलतात. मी हे मराठीत लिहिते आहे, त्यामुळे माझ्या सासऱ्यांच्या तोंडचं बोलणं इथे बरंच मवाळ झालेलं आहे, हे आधीच सांगून ठेवते. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांनी चाळीस वर्षं हातमागावर काढली. विणणारे पुष्कळ होते, पण सुताला खळ लावावी तर यांनीच, असं गल्ली अजून म्हणते. गल्ली म्हणाली नाही तर ते स्वतः म्हणतात. मी टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवते. नवरा भिवंडीला असतो. दिवाळीला येतो आणि चार दिवस सल्ले देऊन जातो.

मुलगी सायकल चालवते. कुठे जायला नव्हे. दहा किलोमीटर जायचं, वळायचं, दहा किलोमीटर परत यायचं आणि घड्याळात बघायचं. जिल्ह्याच्या निवडीत पहिल्या तिघी पुढे राज्याला जातात. गेल्या खेपेला ती चौथी आली होती, चार सेकंदांनी. तिच्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष होतं. यापुढे मोठ्या बायकांच्या गटात उतरावं लागतं, आणि त्या बायकांना दुसरा उद्योग नसतो. म्हणजे चार सेकंद मिळवायचे तर आत्ताच, नाहीतर सायकल दूध आणायला.

एकदा तिने मोबाईलवर मला एक चाक दाखवलं. पूर्ण बंद, ताटासारखं. तारा फिरताना हवा घुसळतात, चाक झाकलं की घुसळत नाहीत, एवढंच शास्त्र. किंमत बघितली आणि मोबाईल उलटा ठेवला. मग मीच म्हणाले की ताटच हवं असेल तर आपण झाकण करू. माझा स्वभाव असा आहे. कुठलीही वस्तू बघितली की मला ती घरी होईल असं वाटतं, आणि झाली नाही तर वस्तूचा राग येतो.

पहिलं झाकण फ्लेक्सचं केलं. चौकात कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आठवडाभर लोंबत होता, तो आणला. चाक फिरलं की सगळे शुभेच्छुक हात जोडून गोल फिरायचे. वजन एवढं झालं की मुलगी म्हणाली, यापेक्षा तुलाच मागे बसवते. दुसरं प्लास्टिकच्या पुठ्ठ्याचं. ते कडेला फडफडायचं आणि गल्लीतली कुत्री मागे लागायची. कुत्र्यांमुळे वेळ चांगली आली, पण ती धरता येत नव्हती.

सासरे हे सगळं ओट्यावरून बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "विणकराच्या घरात प्लास्टिक कापताय. कापड नाही का मिळालं?"

कापड मऊ असतं, असं मी म्हणाले. मी सासरी आले त्या दिवशी बघितलं होतं, अगदी तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि मैदा कुठे ठेवतेस म्हणून विचारलं.

कापड पातळ सुती घेतलं. दोन गोल कापले, एक डाव्या बाजूला, एक उजव्या बाजूला. कडेला मी दुमड घालून दोरी ओवली, म्हणजे परकराला नाडी असते तशी. दोरी रिमच्या कडेने तारांना ठिकठिकाणी बांधली, मधला भोकाचा भाग आसापाशी टाचला. हवा भरायला नळी बाहेर यावी म्हणून शर्टाला असतं तसं काज केलं. ते काज मी आजवर केलेल्या काजांत सर्वांत चांगलं आहे, पण कारखान्यात काज लागत नाहीत. फक्त मागचं चाक झाकलं. पुढचं झाकलं की आडवा वारा हँडलच फिरवतो, हे मुलीने एकदा विजापूर रोडच्या कडेच्या बाभळीत जाऊन शोधून काढलं होतं.

मग खळ. मैदा पाण्यात पातळ शिजवायचा, त्यात थोडं खोबरेल, चिमूट मीठ. सासरे ते बोटांनी बघत होते, बोटांची उघडझाप करत होते, पुन्हा ढवळत होते. मग त्यांनी पत्र्याच्या जुन्या डब्यातून कागदाची पुडी काढली. निळे खडे होते. मोरचूद. खळीत तो थोडा घातला की सुताला बुरशी लागत नाही, उंदीर तोंड लावत नाहीत. मला ते माहीत होतं. मला हेही माहीत होतं की मोरचूद विष आहे, आणि माझी मुलगी चाकाला हात लावून त्याच हाताने केळं खाते. मुलगी तेव्हा सरावाला गेली होती. मी पुडी उचलली आणि मोरीच्या वर, हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवली.

ते म्हणाले, "मोरचूद नसेल तर ती खळ नाही. ते जेवण आहे."

मी म्हणाले, असू दे जेवण, आपल्याकडे उंदीर नाहीत. सासऱ्यांशी वाद घालून मी आजवर जिंकले ती ही एकच वेळ, म्हणून नीट लक्षात आहे.

ताणलेल्या कापडावर त्यांनी ब्रशने खळ मारली, एकदा आडवी, एकदा उभी, आणि चाक गच्चीवर उन्हात ठेवलं. दुपारी टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजलं. वाण्याच्या काट्यावर नुसती झाकणं आधीच तोलून घेतली होती, दोन्ही मिळून पाव किलोसुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी मंद्रूपच्या वाटेवर नेहमीच्या टप्प्यात जाऊन आली आणि दारातच घड्याळ पुढे केलं. नऊ सेकंद कमी. आदल्या दिवशीही वारा तसाच होता, रस्ता तोच. सासऱ्यांनी घड्याळाकडे बघितलंच नाही. चाकाकडे बघितलं, बोट फिरवलं आणि आत जाऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या. एरवी एक खातात. माग विकल्यापासून त्यांना एवढं भुकेलेलं मी बघितलं नव्हतं, आणि मला फार बरं वाटलं.

निवड मंद्रूपच्या अलीकडे होती, सकाळी. सासरे आले नाहीत. टेम्पोत बसलं की त्यांची पाठ धरते. आम्ही सायकल एका बाभळीला टेकवली. मुलींना एकेक मिनिटाने सोडत होते आणि आमच्या मुलीला अजून दहा मिनिटं होती. तिच्या पाठीवर नंबराचं कापड लावायचं होतं. बाकीच्या आया टाचण्या लावत होत्या. टाचणीने कापडाचे कोपरे उचलतात आणि वारा धरतात. मी सुईदोरा घेऊन गेले होते. चाकाला एवढं करायचं आणि पाठीवर पतंग लावायचा, हे मला पटत नव्हतं.

आता आमच्यात अंगावरचं कापड अंगावरच शिवत नाहीत. अपशकुन असतो. शिवायचंच झालं तर घालणाऱ्याने दोऱ्याचा तुकडा दातांत धरायचा आणि शिवून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. माझ्या सासूबाई यात फार कडक होत्या. मी मुलीच्या दातांत दोरा दिला, तिला पाठमोरी उभी केली आणि बारीक टाके घालायला लागले. तिचं तोंड बाभळीकडे होतं, माझी नजर टाक्यांवर.

दुसऱ्या कोपऱ्यावर असताना ती ऊं ऊं करायला लागली. मी म्हणाले, बोलू नकोस. तिने हात वर करून काहीतरी दाखवलं. मी म्हणाले, हलू नकोस, सुई टोचेल. ती पाय आपटायला लागली. मला वाटलं पोर घाबरली आहे. तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिसरा कोपरा घेतला. आमची मुलगी लहानपणापासून ऐकणारी आहे. चौथा कोपरा होऊन मी दोरा तोडेपर्यंत तिने दात उघडले नाहीत.

"अम्मा, शेळी."

एक काळी शेळी होती. कुणाच्या कळपातली मागे राहिलेली. तिने उजवीकडचं झाकण रिमपासून आसापर्यंत खाल्लं होतं, भाकरीएवढं भोक, आणि उरलेलं घाई न करता चाटत होती. मीठ होतं ना त्यात. माझ्या काजाला तिने तोंड लावलं नव्हतं. मागून एक धनगर म्हातारा आला. मी त्याला काय बोलले ते मराठीतही मवाळ होणार नाही. त्याने शेळीच्या तोंडातून चिंधी ओढून काढली, वास घेतला आणि म्हणाला, "पीठ लावलंय व्हय ह्याला? मग ती खानारच की, बाई."

मी सुई पुन्हा ओवायला लागले. दोरा जात नव्हता. भोक शिवता येईल, निदान फडफडणार नाही असं करता येईल, असं मी म्हणत होते. मुलीने हात पुढे केला.

"कात्री दे."

तिने दोन्ही बाजूंचं कापड कापून काढलं, दोऱ्या उपसल्या, आणि उघडं चाक घेऊन रेषेवर जाऊन उभी राहिली. पाठीवरचा नंबर मात्र चोपून बसला होता. पूर्ण वीस किलोमीटर तो हलला नाही.

ती चौथी आली. दोन सेकंदांनी.

परतीच्या टेम्पोत मी खूप काही बोलायचं ठरवलं आणि मंद्रूपच्या भाजीचे भाव या विषयावर बोलले. ती खिडकीबाहेर बघत होती. मला रडू येत होतं, पण तिला येत नव्हतं, आणि तिच्याआधी आपण रडावं हे बरं दिसेना.

सासरे ओट्यावर वाट बघत होते. त्यांनी निकाल विचारलाच नाही. उघडं चाक बघितलं आणि विचारलं, "कापडाने दगा दिला का?"

मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. तेवढ्यात ती म्हणाली, "नाही, ताता. कापड शेवटपर्यंत ताठ होतं. पाय कमी पडले. येताना टेम्पोत वारा धरायला नको म्हणून कापून टाकलं."

ते म्हणाले की पाय होतील, खळ धरली ना, मग झालं. आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी आत जाऊन चहा ठेवला. चहाला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ मी आत होते.

याला आता वर्ष होत आलं. मुलगी बाहेर गेली की सासरे अजून गल्लीत सांगतात की मोरचूद न घालतासुद्धा आपली खळ वीस किलोमीटर टिकली, आणि सून म्हणाली तेच बरोबर निघालं. चारचौघांत त्यांनी मला बरोबर ठरवलं, हे लग्नानंतर पहिल्यांदाच. मी मान डोलावते. मुलीला वाटतं शेळी म्हणजे नशीब. ती कॉलेजला सायकलवर जाते, उघड्या चाकाने, आणि कधी त्या सकाळचा विषय निघालाच तर मलाच समजावते, की शेळीच्या मनात आलं त्याला अम्मा तू काय करणार. फळीवरची पुडी तिने कधी बघितलेली नाही. शेळी सासऱ्यांना माहीत नाही, पुडी मुलीला माहीत नाही. दोन्ही माहीत असलेली घरात मी एकटी.

ते दोन सेकंद मी घालवले. शेळीने नाही, तिच्या पायांनीही नाही. हे मला घरात, आमच्या भाषेत, एकदाही बोलता आलेलं नाही, आणि त्याची मला रोज लाज वाटते.

सासऱ्यांना मराठी वाचता येत नाही. मुलीला येतं.