कोटाचं जेवण

९ फेब्रुवारी. सकाळचा चहा झाला आणि मी जहाजावरच्या खोलीत जाऊबाईंच्या शालूला इस्त्री करायला घेतली. इस्त्री म्हणजे तांब्या. घरून आणलेली खरी इस्त्री जहाजावर चढतानाच तपासणीत काढून घेतली होती. खोलीत वापरायला बंदी, आगीची भीती. चहाची किटली मात्र खोलीतच होती. तिच्यात पाणी उकळायचं, स्टीलच्या तांब्यात ओतायचं, शालूवर सुती ओढणी पसरायची आणि तांब्या दाबून फिरवायचा. काम होतं, पण वेळ लागतो. जाऊबाई पलंगाच्या कडेला बसून शालूची दोन टोकं धरून होत्या आणि दर घडीला सांगत होत्या, "जरीवर नको वं. जरीवर नको."

"नाही जात जरीवर."

"गेली होतीस आत्ता."

मोरपंखी शालू. त्यांच्या मोठ्या मुलीच्या लग्नात घेतलेला. बॅगेत सगळ्यांत खाली ठेवल्यामुळे चुरगळला होता. तो रात्रीच्या जेवणाला नेसायचा होता, कारण त्या रात्री जहाजावर कोटाचं जेवण होतं. हे नाव आमच्या दुकानदार मंडळींनी ठेवलेलं. जहाजवाल्यांच्या कागदावर इंग्रजी नाव होतं. त्याचा अर्थ एवढाच की सफरीतल्या एका रात्री खालच्या मोठ्या दालनात टेबलावर बसून जेवायचं आणि नीट कपडे घालून यायचं. पुरुषांनी कोट, बायकांनी साडी किंवा गाऊन.

मला हा सगळा प्रकार फालतू वाटत होता. जेवण ते जेवण. मी चार सुती साड्या आणि एक स्वेटर घेऊन आले होते आणि त्यातलीच एक नेसणार होते.

धनजला आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. शेतकीची पदवी माझ्याकडे, म्हणून परवाना माझ्या नावावर आणि उन्हाळ्याआधीच्या रिकाम्या दिवसांत बियाण्याच्या कंपनीनं दुकानदारांना जहाजाची सफर दिली तेव्हा तिकिटंही माझ्याच नावावर आली. दोन. नवऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मले एसटीत मळमळते, समुद्रात काय होईन?" शिवाय हरभरा काढणीला आला होता. मग मी थोरल्या जाऊबाईंना विचारलं. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून त्या माहेर आणि दवाखाना सोडून कुठे राहिलेल्या नाहीत.

त्यांनी समुद्राबद्दल काहीच विचारलं नाही. कंपनीनं पाठवलेला सफरीचा कागद माझ्या हातात होता, त्यावरच्या जेवणाचं विचारलं.

"तिथं वाढते कोण?"

"वेटर."

"आन् आपण?"

"आपण बसायचं."

"उठाचं नायी? मधातून कोनाले काही आनून द्याचं नायी?"

"नाही."

"भांडे?"

"तेही तेच उचलतात."

त्या म्हणाल्या, "येतो मी." आमच्याकडे वऱ्हाडात बायाही 'येतो' म्हणतात. मुंबईपर्यंतच्या रेल्वेत त्यांनी हाच विषय पुन्हा काढला. जेवण कोणत्या रात्री आहे, किती वेळ चालतं, शालू चालेल ना. मला तेव्हा कळलं की बाकीची सफर त्यांच्यासाठी त्या एका जेवणाची वाट होती.

शालूचा पदर इस्त्री व्हायचा होता तेवढ्यात दार वाजलं. कंपनीचे साहेब सगळ्यांना वरच्या डेकवर बोलवत होते.

वर गेलो तर आधीच गलका चालला होता. पुढे मानोऱ्याचे एक दुकानदार उभे. आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणायचो. आवाज मोठा, मन मोठं आणि पोटही.

"साहेब, कोट मी जिंदगीत एकदा घातला," भाऊ म्हणत होते. "तवा घोड्यावर बसवलं होतं मले. आता कोट घाला म्हनसान तं घोडं बी आना."

सगळे हसले. साहेबांचा मुद्दा वेगळा होता. दालनात आमच्या मंडळींसाठी टेबलं राखून ठेवली होती, पण कोणी येणारच नसेल तर ती दुपारच्या आत सोडून द्यायची होती. मग सगळ्यांनी वरच्या मजल्यावर बुफे घ्यायचा, हवं ते घालून. "अर्धे इकडे, अर्धे तिकडे नको," साहेब म्हणाले. "कंपनीला सगळ्यांचा एकत्र फोटो पाहिजे. काय ते एक ठरवा."

"ठरलं," भाऊ म्हणाले. "वर. कंपनीनं टी-शर्ट देल्ले, तेच घालू. सारे हिरवे. फोटो बी मस्त येईन, पऱ्हाटीच्या वावरावानी."

खरं सांगायचं तर मीही वरच्याच बाजूची होते. आमच्या घरच्या कार्यात पहिल्यांदा बुफे मीच आणला. पंगती उठवा, पुन्हा झाडा, पुन्हा बसवा, त्यात अर्धा दिवस जातो. बुफेत माणूस आपलं ताट आपण घेतो आणि मोकळा होतो. साहेबांनी हात वर करायला सांगितलं तेव्हा पुरुषांचे बहुतेक हात वर गेले. मागे बसलेल्या बायांचे हात मांडीवरच राहिले. त्यांच्याही बॅगांमध्ये साड्या होत्या, हे मला नंतर कळलं.

मी शेजारी पाहिलं. जाऊबाईंचा चेहरा उतरला होता. शालूचं एक टोक अजून हातात धरलं असावं तशी त्यांची मूठ वळलेली होती. मी काही बोलणार, तेवढ्यात त्याच बोलल्या. पुरुषांच्या बैठकीत त्यांना बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"भाऊ, एक सांगा. तुमच्या पोरीच्या लग्नात मी निंदनाच्या लुगड्यावर आली तं चालन काय?"

भाऊ वळले. "काहून नायी चालन? मानूस आला पाह्यजे बाई. कपड्याले काय कराचं?"

"मंग मांडवात बसवसान, का मांगं भांड्याइकडं धाडसान?"

पुरुष खो-खो हसले. बायाही हसल्या, पण त्यांचं हसणं निराळं होतं. भाऊंनी टोपी नसलेलं डोकं खाजवलं.

"मी घरून त्या जेवनासाठीच आली," जाऊबाई म्हणाल्या. "तुमाले नसन याचं तं नका येऊ. टेबल तं नका सोडू."

साहेबांनी खिशातून जहाजवाल्यांचा कागद काढून पुन्हा वाचला. त्यात लिहिलं होतं, कोट किंवा आपल्या प्रांताचा पोशाख. हे आधी कोणी वाचलंच नव्हतं.

"म्हणजे पांढरा सदरा, टोपी आन् दुपट्टा चालन?" भाऊंनी विचारलं.

"चालायला पाहिजे."

"सदरा हाये बॅगीत, पन आता समुद्रात टोपी कुठून आनाची?"

जाऊबाई खाली गेल्या आणि एक गठ्ठा घेऊन आल्या. सोडला तर आत टोप्या, दुपट्टे आणि वर काही खण. त्यांची बॅग एवढी जड का, हे मी मुंबईत विचारलं होतं तेव्हा त्या "हाये थोडंसं" एवढंच म्हणाल्या होत्या.

"हे कायले आणलं?" मी विचारलं.

"अवं, तीन दिवस जेवू घालून राह्यले आपल्याले. जातानी त्याइले काही द्या लागते का नायी? कप्तानाले टोपी-दुपट्टा, त्याच्या बायकोले खण."

"कप्तानाची बायको जहाजावर नसते."

"मंग घरी नेईन तो."

आमच्याकडे प्रत्येक घरात असा गठ्ठा असतो. लग्नाकार्यात आहेर म्हणून टोपी-दुपट्टा मिळतो, तो घडी न मोडता पुढच्या लग्नात दुसऱ्याला जातो. वापरत कोणी नाही, फिरत मात्र राहतो. भाऊंनी एक दुपट्टा उचलून उलटापालटा केला आणि काठावरचा हळदीचा डाग दाखवला.

"हा तं माह्याच घरून गेलेला दिसते! फिरून आला पाहा. समुद्रात गाठलं मले."

"मंग तुमीच घ्या," जाऊबाई म्हणाल्या. "बाप्पा, सुटला एकदाचा."

टेबलं राहिली.

रात्री निम्म्याहून जास्त मंडळी खाली आली. काही जण हिरव्या टी-शर्टातच वर बुफेला गेले, साहेबांनी त्यांचा नाद सोडला. पांढरे सदरे, डोक्यावर कडक टोप्या, खांद्यावर दुपट्टे घेऊन ही माणसं जिना उतरताना पाहिली आणि मला मान्य करावं लागलं की बरी दिसत होती. रोज दुकानात घामेजलेल्या शर्टात दिसणारे हेच लोक सावकाश चालत होते, एकमेकांना आधी जाऊ देत होते. बायका नटल्या होत्या. मी सुती साडीच नेसले, पण चांगल्यातली.

वेटरनं जाऊबाईंची खुर्ची मागे ओढली. त्यांना वाटलं तो ती घेऊन चालला आहे, म्हणून त्यांनी दुसरी बाजू धरली. जरा ओढाताण झाली आणि त्या बसल्या. पहिलं सूप आलं तशा त्या सवयीनं उठायला लागल्या. मी टेबलाखालून त्यांचा पदर धरला.

"बसा."

"अवं, त्याच्या हातात एवढ्या वाट्या..."

"त्याचं काम आहे. बसा."

बसल्या. सूप, मग पनीर, भात, काही उकडलेल्या भाज्या. तिखट नावाला नव्हतं. जाऊबाईंनी कशालाच नाव ठेवलं नाही. त्या हळूहळू जेवत होत्या, दोन घासांमध्ये पाणी पीत होत्या आणि आजूबाजूला बघत होत्या. घरी त्यांना जेवताना मी कधी नीट पाहिलेलं नाही, कारण घरी त्या ओट्याशी उभ्याने जेवतात.

शेवटी गोड आलं. केकचे लहान तुकडे. वेटरनं प्रत्येकाच्या पुढे एक तुकडा ठेवला आणि गेला. हे भाऊंना पटलं नाही. आमच्या पंगतीत गोडाला आग्रह लागतो. यजमान हातात ताट घेऊन फिरतो, नको म्हटलं तरी वाढतो आणि पाहुणाही आधी नको म्हणतो. भाऊ उठले, शेजारच्या टेबलावरचं केकचं अख्खं ताट उचललं आणि दुपट्टा सावरत आमच्या टेबलाशी आले.

"घ्या बाई. माह्या हातचा एक."

"नको, नको. झालं भाऊ."

"असं कसं झालं? तुमच्यापायी तं बसलो इथं."

"पोट भरलं. खरंच."

"अर्धा घ्या."

"अर्धा कायले मंग? द्या पुरा," जाऊबाई म्हणाल्या आणि सगळं टेबल हसलं.

त्यांनी नको म्हणायचं तेवढं म्हटलं, अगदी रीतीप्रमाणे, आणि मग घेतला. भाऊ तिथे थांबले नाहीत. पलीकडच्या टेबलावरच्या अनोळखी गुजराती कुटुंबालाही त्यांनी आग्रह केला आणि त्यांनीही हसत घेतला. वेटर दोन्ही हात मागे बांधून बघत राहिले. कप्तान सगळ्यांना भेटायला आला तेव्हा त्याला टोपी-दुपट्टा मिळाला. टोपी त्यानं आडवी घातली, ती भाऊंनी सरळ केली.

अशा जेवणाची रात्र जहाजावर ठेवावी की काढून टाकावी, असं मला कोणी विचारलं तर आता मी म्हणेन, ठेवावी. कोटाची सक्ती नको, ज्याला त्याचा पोशाख घालू द्यावा आणि ज्याला यायचं नाही त्याला वर चार चमचे जास्त वाढावेत. पण एक रात्र अशी हवी की माणूस दुसऱ्यासाठी नीट होऊन येतो, बसतो आणि त्याला कोणी तरी वाढतं. बुफे सोयीचा आहे, हे मी आजही म्हणते. सोयीत कोणाची वाट पाहावी लागत नाही आणि कोणाला बसवावंही लागत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

खोलीकडे परतताना जाऊबाई चालता चालता म्हणाल्या, "मोठीच्या लग्नात हा शालू मी सकाळी नेसला आन् दुपारी सोडला. चुलीपाशी खराब होते म्हणून. मंग सारे जेवले आन् आमी शेवटी, जे उरलं ते."

"हो, आठवतं."

"वैशाखात लहान्याचं हाये."

लहाना म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा. लग्न ठरलं होतं आणि जेवणाची सगळी बोलणी मीच करत होते. बुफेच सांगितला होता.

"मले एक पंगत पाह्यजे," त्या म्हणाल्या. "घरच्या बायांची. पहिली. एवढंच."

मी पाहू म्हटलं नाही. बरं, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज गोव्याला लागलं आणि मोबाइलला रेंज आली. मंडळी उतरायच्या गडबडीत होती. मी डेकवर जाऊन आधी कारंजाच्या आचाऱ्याला फोन लावला. बुफे राहू दे, पण त्याच्याआधी एक पंगत बसेल, घरच्या बायांची, पत्रावळीवर, असं सांगितलं. तो म्हणाला, "बायांची पहिली? मंग आत काम कोन पाहीन?" मी म्हटलं, "तुम्ही. त्यासाठीच बोलावलं." मग नवऱ्याला लावला. त्याला सांगितलं की त्या पंगतीत तुम्ही आणि थोरले भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, वाढणार आहात, गोडाला आग्रहासह.

"मी?" तो म्हणाला. "मले तं कढीचा चमचा बी धरता येत नायी."

"अडीच महिने आहेत. शिका."

फोन ठेवला आणि खाली गेले. जाऊबाई उठून वेणी घालत होत्या. त्यांच्या समोर बसले आणि विचारलं, "पंगतीत कोणाच्या शेजारी कोण बसणार, ते सांगा."