रिकाम्या काट्यावरचे दाजी

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या डोंगरकडा गावच्या शिवारात एक चिंच आहे, तिच्यावर म्हणे कोणीतरी बसतं. मी भर अमावस्येला तिच्याखाली बसून टोपलीभर चिंचा खाल्ल्या. दात आंबले, बाकी काही झालं नाही. त्यामुळे पुढचं वाचून ‘ह्याला वारं लागलं’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा... मी स्वतःलाही तेच म्हणून पाहिलं.

मी ड्रायव्हर लिहितो. चालवत नाही — लिहितो. कॉम्प्युटरला एखादं यंत्र जोडलं की त्या दोघांचं बोलणं एकमेकांना कळावं म्हणून मध्ये दुभाषा लागतो, त्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. आई मात्र पाहुण्यांना सांगते, “पोरगं ड्रायव्हर हाय,” आणि पाहुणे विचारतात, टेम्पो का क्रुझर? माझी दोन स्थळं ह्यातच गेली. तिसरं आलं ते पोरीच्या बापाला स्वस्तात टेम्पो पाहिजे होता म्हणून.

हे काम मला शिकवलं दाजींनी. दाजी म्हणजे ताईचे मालक. हिंगोलीत कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे. आमच्या घरात त्यांच्या शब्दाला फार वजन. भाजीत मीठ कमी आहे असं दाजी म्हणाले, की आई जेवून हात धुतलेल्यांनासुद्धा मीठ वाढायची.

पहिला धडा त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातच दिला. आमच्याकडे कुणाच्या घरून डबा आला तर तो रिकामा वापस करत नाहीत. मूठभर साखर, दोन लाडू... काहीच नसलं तर एखादं हळकुंड तरी टाकतात. दाजींनी आईचा कडीचा स्टीलचा डबा कानापाशी धरून हलवला, आत खुळखुळ वाजलं.

“बाळू, मेमरी आपल्या गल्लीवानीच हाय बघ. फंक्शनला जे भांडं भेटतंय ते कोरं नसतंय. आधीच्यानं त्यात काहीतरी ठेवलेलंच असतंय. म्हणून व्हेरिएबल, म्हंजे ते भांडं, हातात आलं की पहिले त्यात शून्य टाक. बाकीचं मंग.”

हे मला असं पटलं की विचारू नका. पुढच्याच ओळीत खरा आकडा भरायचा असला तरी आधी शून्य. माणसं जेवायच्या आधी ताटाभोवती पाणी फिरवतात, तसं माझं शून्य.

मग आम्ही दोघांनी मिळून कळमनुरीच्या रस्त्यावरच्या एका शेठच्या हळदीच्या गोदामासाठी वजनकाट्याचा ड्रायव्हर केला. त्या गोदामात इतकी हळद उडते की तिथली मांजर पिवळी, शेठच्या मिशा पिवळ्या, आणि मी घरी आलो की आई विचारायची, परस्पर लगीन लावून आलास काय. काटा तपासायला दर वेळी पोतं कोण उचलणार? दाजीच प्लेटवर उभे राहायचे. बहात्तर किलो. “मी म्हणजे आपलं चालतं-बोलतं पोतं,” म्हणायचे.

संक्रांतीनंतर दाजींना पुण्यात नोकरी लागली — काटेच विकणाऱ्या कंपनीत. निघताना आईनं तोच डबा शेंगदाण्याच्या चटणीनं भरून दिला. जाता जाता दाजी मला म्हणाले, कोड जरा साफसूफ करून ठेवलाय, तू आता हात लावू नको.

नव्या हळदीची आवक सुरू झाली आणि शेठचा फोन आला. काट्यावर पोतं ठेवलं की वजन बराबर येतं... पण पोतं उचललं, प्लेट मोकळी झाली, की पडद्यावर बहात्तर.

शेतकरी रिकाम्या काट्यावर आकडा बघायचे आणि ट्रॅक्टर वळवून दुसऱ्या गोदामाला जायचे.

“लोक म्हणून राहिले, शेठनं काट्याखाली मानूस लपवला,” शेठ म्हणाले. “मिटव हे. न्हाई तर तुला ह्या तालुक्यात कुनी दारात उभं करनार न्हाई.”

मी कोड उघडला. माझी शून्यं गेलेली! एकूण एक. प्लेट रिकामी असली की काटा काहीच पाठवत नाही, म्हणजे ‘वजन’ नावाचं ते भांडं भरायचं राहून जातं — आणि शून्य टाकलेलं नसलं, तर आधीचं जे काही पडलेलं असेल तेच पडद्यावर येतं. पासवर्ड दोघांकडेच, दाजींकडे आणि माझ्याकडे.

मी पुण्याला फोन लावला. भांडायला नाही हो, विचारायला.

“तूच इसरला असशील,” दाजी म्हणाले.

शेठलाही त्यांनी तेच सांगितलं होतं. कोड बाळूचा, आपण फक्त शिकवलं. आणि ताईच्या बोलण्यातून कळलं की पुण्याच्या कंपनीत हाच ड्रायव्हर स्वतःच्या नावानं दाखवून त्यांनी शाबासकी मिळवली होती. म्हणजे चांगला चालला की दाजींचा, बिघडला की बाळूचा! ज्या माणसानं मला शून्य टाकायला शिकवलं, तोच म्हणत होता की मी शून्य टाकायला विसरलो. हे म्हणजे पोहायला शिकवणाऱ्यानंच पाय ओढण्यासारखं झालं.

इथपर्यंत भूतबीत काही नाही. खरी गंमत पुढे आहे.

मी सगळी शून्यं जागच्या जागी परत टाकली, ड्रायव्हर पुन्हा चढवला, प्लेट फडक्यानं पुसली... बहात्तर! मुद्दाम शून्याच्या जागी एकशे अकरा टाकून पाहिलं, म्हणजे भांडं रिकामं राहिलंच तर एकशे अकरा दिसावं. बहात्तर. शेवटी प्लेटची वायरच उपटून हातात घेतली. वायर माझ्या हातात, आणि पडद्यावर बहात्तर! शेठनं नारळ आणला. फोडायच्या आधी प्लेटवर ठेवला, तर काट्यानं नारळाचं वजन बिनचूक सांगितलं, नारळ उचलला की पुन्हा बहात्तर.

मग एके दिवशी आकडा चौऱ्याहत्तर झाला.

मी सहज म्हणून ताईला फोन केला. ती हसत सांगत होती, ह्यांना पुण्याचं पाणी मानवलं, पँटी उसवाव्या लागल्या, परवा दवाखान्यात वजन केलं तर चौऱ्याहत्तर... माझ्या अंगावर असा काटा आला की शेठनं त्याचंही वजन केलं असतं. पुढच्या आठवड्यात पडदा त्र्याहत्तर दाखवायला लागला. ताई म्हणाली, ह्यांना ताप होता, जेवणच गेलं नाही. नंतर नंतर तर मी पडद्याकडे बघून सांगायला लागलो, आज दाजींनी मिसळ खाल्ली. दुसरा रस्सा घेतला तेसुद्धा सांगायचो, म्हणजे बघा.

एका लग्नासाठी दाजी कळमनुरीला यायचे होते. ताई लेकराच्या परीक्षेमुळे येणार नव्हती. शेठनं मला बजावलं, जावयाला गोदामात घेऊन ये, नाही तर तू काटा घेऊन जा.

भर दुपारी दाजी आले. कडक इस्त्रीचा शर्ट. आधी आमच्या घरी जाऊन, आईच्या पाया पडून, डबा देऊन आले होते. दारात तीन ट्रॅक्टर उभे, शेतकरी बघून राहिलेले. पडद्यावर चौऱ्याहत्तर. दाजी हसले, म्हणाले सेन्सर गेला असेल.

“जरा उभं ऱ्हावा, जावईबापू,” शेठ म्हणाले.

दाजी प्लेटवर चढले. बुटांसकट.

पडद्यावर शून्य!

दाजींनी पाय हलवले, टाचा आपटल्या. शून्य. शेठनं पंच्यानं पडदा पुसला. शून्यच.

“आता काट्यावर उभं राहून सांगा,” शेठ म्हणाले. “बाळूची शून्यं कोनी काढली?”

दाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतो, मी मनात हात जोडले होते. म्हणा ना... ‘बाळू, मीच काढली, उगाच ओळी वाढत होत्या.’ एवढंच म्हणाले असते तर मी हसून सोडलं असतं, पुण्याचं श्रेयसुद्धा त्यांच्या पदरात टाकलं असतं.

“ते पोरगंच इसरलं असंल,” दाजी म्हणाले. “मी तर हात बी लावला न्हाई.”

शेठनं पडद्याकडे बोट केलं. “मानूस तर ढळढळीत दिसून राहिला,” ते म्हणाले, “पर वजन काहीच न्हाई.”

एक शेतकरी हसला आणि खोकला आल्यासारखं केलं. दाजी उतरले, लग्नघरच्या मोटारसायकलला किक मारली आणि लग्नाला गेले. रिकाम्या प्लेटवर शून्य होतं. तेव्हापासून आजपर्यंत शून्यच आहे. शेठनं माझ्या पाठीवर थाप मारली, पिवळा पंजा अजून त्या शर्टावरून जात नाही. काट्याचं काम माझ्याकडेच राहिलं, नावही राहिलं. आनंद मात्र... जाऊ द्या.

घरी आलो तर आई ओट्यापाशी तो स्टीलचा डबा हातात घेऊन उभी. सवयीनं कानापाशी धरून हलवत होती. काही वाजत नव्हतं.

“रिकामाच आला रे,” ती म्हणाली. “ताई भरायची इसरली म्हणं. जावई सांगत होता.”

सकाळीच ताईचा मला फोन येऊन गेला होता. डबा बाकरवडीनं काठोकाठ भरून दिलाय, आईला म्हणावं नरम पडायच्या आधी खा.

मी आईच्या हातातून डबा घेतला आणि फळीवर पालथा घातला.

काट्याचं स्पष्टीकरण मला आजवर मिळालेलं नाही. वजन ओळखणारा लोड सेल, मेमरी, वायरिंग, सगळं तपासून झालं. पुण्या-हैदराबादच्या मित्रांनी डोकं खाजवून हात टेकले. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा.

डब्याचं स्पष्टीकरण मला माहीत आहे. ते मी आईला अजून दिलेलं नाही.