पंपघरापासून नळापर्यंतची पायवाट

पक्केसाहेबांचं खरं नाव वीजबिलावर तेवढं उरलं होतं. मैदानांना पाणी घालायच्या यंत्रणा आखण्यात त्यांचा उभा जन्म गेला, आणि दर कामाच्या शेवटी हात झटकत एकच वाक्य ठरलेलं: "काम पक्कं." बायको म्हणायची, लग्नाच्या दिवशीही हेच म्हणाले असतील, मीच गडबडीत होते म्हणून ऐकलं नाही.

सगळ्या कामांत लाडकं लेकरू म्हणजे गावातलं मोठं फुटबॉलचं मैदान. तिथलं पंपघर, तीन पंप, जमिनीखालचे पाइप, हिरवळीत दडून बसलेले आणि वेळ झाली की डोकं वर काढणारे फवारे, सगळं यांच्याच पेन्सिलीतून उतरलेलं. बावीस वर्षांत एक पाइप फुटला नव्हता. हा बावीसचा आकडा ते बसस्टॉपवरच्या अनोळखी माणसालाही ऐकवत. निवृत्तीनंतर तर विचारूच नका.

लेकही याच धंद्यात शिरली. तिला पहिलं मोठं काम मिळालं, एकदम सहा मैदानांचं. तिनं बाबांचं जुनं ड्रॉइंग समोर ठेवलं आणि रेघ न् रेघ उचलली. बुधवारी ते मंजुरीला जायचं होतं. एकदा मंजूर झालं की त्याबरहुकूम खणायचं, पुरायचं आणि वर हिरवळ अंथरायची. मग चूक कळली तरी बसा बोंबलत. पक्केसाहेब आठवडाभर हवेत तरंगत होते.

सोमवारी सकाळी सात वाजता मैदानाच्या मॅनेजरचा फोन आला. मुख्य पाइप फुटलाय, ताबडतोब या.

पक्केसाहेबांना वाटलं, हा बाबा दुसऱ्याच कुठल्या मैदानाबद्दल बोलतोय. दोनदा विचारून खात्री केली आणि शर्टाची बटणं खालीवर लावून तसेच धावले. पलीकडचा गोलपोस्ट पाण्यात उभा होता. त्यामागे, जुन्या नाल्यावरून पाइप जरा उंचावून पुढे जातो तिथली माती वाहून गेली होती आणि पाइप भेंडीसारखा उभा चिरला होता. बावीस वर्षं!  

मग तोंड सुटलं. आधी पाइपवाल्या कंपनीचा उद्धार झाला. मग नव्या पेटीचा. पंप चालवणारे तात्या शुक्रवारी निवृत्त झाले होते, आणि त्यांच्या जागी शनिवारी ही आपोआप पंप सुरू करणारी पेटी बसवली होती. मॅनेजर हळूच म्हणाला की पेटीनं आज पहिल्यांदाच सहाच्या ठोक्याला पंप पूर्ण जोरात सुरू केला, बाकी काही नाही. तुमच्या ड्रॉइंगवर तसंच लिहिलंय. 

चिखलात घसरलेला पाय सावरायला पक्केसाहेबांनी शेजारच्या नळाचा आधार घेतला. बूट धुवायला म्हणून नाल्याजवळच्या त्या उंचवट्यावर, त्याच पाइपावर बसवलेला साधा नळ. त्याची चावी झिजून गुळगुळीत झाली होती. बूट धुवायला इकडे कोणी फिरकत नसे, मग ही झिजली कशानं? तिथून थेट पंपघरापर्यंत हिरवळीत एक पायवाट गेली होती. त्या पायवाटेवरून त्यांनी कितीदा आरडाओरडा केला होता, की गवत तुडवतं कोण.

मॅनेजर म्हणाला, तात्या. रोज पहाटे, दोन-दोन फेऱ्या. आम्हाला वाटायचं, गुडघ्यांसाठी चालतात.

पक्केसाहेब तडक तात्यांच्या घरी गेले. तात्या पायरीवर बसून खुर्चीचा निखळलेला पाय चिकटवत होते. यांचा चेहरा बघून त्यांनी एवढंच विचारलं, "नाल्यापाशीच ना?"

मग सगळं बाहेर आलं. पंप बंद असला की उंचावलेल्या पाइपात हवा साठते. एकदम पंप सुरू केला तर पाणी त्या हवेवर जाऊन आदळतं, आणि दणका पाइपाला बसतो. म्हणून तात्या रोज आधी तो नळ उघडून यायचे, मग पंप सुरू करून मोठा व्हॉल्व्ह पाव-पाव फेऱ्यानं सोडायचे, आणि नळाची फुरफुर थांबली की परत जाऊन तो बंद करायचे. अर्धा तास जायचा. सुट्टीच्या दिवशीही. ताप आला तर बायको जायची.

नाला मध्ये आला म्हणून ऐन वेळी पाइप उचलला होता पक्केसाहेबांनीच. हवा बाहेर सोडणारा वीतभर व्हॉल्व्ह तिथे बसवायला हवा होता. कागदावर वरून बघितलं की रेघ सरळच दिसते. शिकाऊ पोरंसुद्धा करणार नाहीत अशी ही चूक, आणि ती पक्केसाहेबांची.

"मला कधी सांगितलं का नाही तात्या?"

"सांगितलं होतं की. दुसऱ्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात, ड्रॉइंग तू काढलंयस की मी?"

तात्यांच्या आवाजात राग नव्हता.  पक्केसाहेबांनी आठवून पाहिलं, पण तो दिवस काही आठवेना. हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना सुनावलं होतं, की त्यातले तात्या कुठले, हेसुद्धा सांगता येईना. याची त्यांना पाइपापेक्षा जास्त लाज वाटली.

ते तिथेच पायरीवर बसले आणि लेकीला फोन लावला. "तुझं ड्रॉइंग थांबव. माझं चुकलंय."

ती हसलीच. बावीस वर्षं चाललंय ना बाबा, म्हणाली.

"चाललं नाही गं. तात्यांनी चालवलं."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. तिच्या सहा मैदानांत पाच नाले होते. मग ती म्हणाली, "बाबा, फोन तात्यांकडे दे."

तात्यांनी आधी आढेवेढे घेतले, मला ड्रॉइंगमधलं काय कळतंय ताई, वगैरे. तिनं काहीतरी विचारलं, आणि तात्या बोलायला लागले. हातातला खुर्चीचा पाय त्यांनी पक्केसाहेबांच्या हाती दिला. "एवढा दाबून धरा, गोंद ओला आहे."

पाऊण तास फोन चालला. दोनदा पक्केसाहेबांच्या ओठांवर काहीतरी आलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी ते गिळलं. खुर्चीचा पाय घट्ट धरून ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.